कुठं बसली, कुठं उतरली

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सोनई-नगर एसटी माळीवाडा स्थानकात दहा मिनिटं उशिरा लागली. पाऊस नव्हता. गाडी बिघडलेली नव्हती. इमामपूरच्या घाटात ट्रक आडवा झालेला नव्हता. गाडीवरच्या महिला कंडक्टरचा तो नोकरीतला शेवटचा मंगळवार होता. त्याआधीच्या दीड वर्षात मंगळवारी ही गाडी एकदाही उशिरा आली नव्हती. हे मला माहीत असण्याचं कारण म्हणजे गाडी लागल्यावर बरोबर सात मिनिटांनी त्या आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात येत.

येत आणि विचारत, "कुठली?"

आज पुरवणीत कुठल्या देशाची कवयित्री छापून आली, असा त्याचा अर्थ. पण हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत. आमच्याकडे नव्याने लागलेल्या बातमीदार मुलीला त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठली?" मुलगी म्हणाली, पारनेरची. "बरं," म्हणाल्या. ओळख झाली. नाव विचारलं नाही.

"नाव आधी इचारायचं नसतंय," असं त्यांचं म्हणणं होतं. "तिकिटावर नाव न्हाई. कुठं बसला, कुठं उतरनार, एवढंच. नाव मानूस उतरताना सांगतंय. रोजचा असंल तर."

त्यांचं स्वतःचं नाव मी इथं लिहीत नाही. मी विचारलं होतं. "माझं कशाला?" असं उत्तर आलं. आमच्याकडे सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत. मीही तेच लिहितो.

पहिल्यांदा त्या आल्या त्या तक्रार घेऊन. आमच्या मंगळवारच्या महिला पुरवणीत चौथ्या पानावर जागा उरली की आम्ही जगातल्या कवयित्री-लेखिकांची माहिती चौकटीत टाकत असू. महिला पुरवणी तेव्हा तिघे पुरुष काढत होते : संपादक, पानं लावणारा ऑपरेटर आणि मी. त्या आठवड्यात जपानच्या राजदरबारातल्या, हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखिकेची चौकट होती. शेवटचं वाक्य माझं होतं. 'या लेखिकेचे खरे नाव अज्ञात आहे.'

खाकी ड्रेस, खांद्याला कातडी बॅग, आणि हातात कुणीतरी सीटवर सोडून दिलेला आमचा अंक.

"ह्ये कुनी लिव्हलं?"

मी म्हणालो, मी.

"दरबारात कामाला होती ना बाई?"

"हो."

"मग हजेरीवर नाव असंल की."

मी सांगितलं की, तिथं बायकांना वडिलांच्या किंवा भावाच्या हुद्द्यावरून ओळखत.

"आन् उतरताना? उतरतानाबी कुनी इचारलं न्हाई?"

मी चौकट पुन्हा वाचली. त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडी परत सुटायची वेळ होत आली होती. दारातून म्हणाल्या, "तुमाला जमत नसंल तर मी लिहून आनते."

पुढच्या मंगळवारी दुरेघी वहीची चार पानं माझ्या टेबलावर होती.

संपादकांनी मालिकेला नाव दिलं, 'विश्वातील शब्दसखी'. कंडक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. "सखी कोन?" संपादक म्हणाले, तुम्ही ज्यांच्यावर लिहिता त्या. "त्यातल्या निम्म्या कुनाशी धड बोलत नव्हत्या," बाई म्हणाल्या. पण नाव तेच राहिलं. बाई शेवटपर्यंत मालिकेला 'बायका' म्हणत. "ह्या आठवड्याच्या बायका दिल्या का?" असा फोन आला की तो त्यांचाच असे.

माहिती त्या सोनईच्या वाचनालयातून, मोबाईलवरून आणि आगाराच्या विश्रांतीगृहात बसून जमवत. मी प्रत्येक ओळ तपासत होतो. ती माझी सवय आहे. दीड वर्षात एकच चूक सापडली आणि ती माझ्याकडून पानावर आलेली निघाली.

लेखाची बांधणी ठरलेली. पहिली ओळ, कुठं बसली. म्हणजे जन्म. मधे प्रवास. शेवटच्या परिच्छेदात कुठं उतरली, आणि तिथं, उतरताना, तिचं नाव. त्याआधी पूर्ण लेखभर ती फक्त 'बाई'. वर्तमानपत्रात हे चालत नाही. वाचकाला पहिल्या ओळीत नाव लागतं. म्हणून मी दर आठवड्याला नाव उचलून मथळ्यात घेत असे आणि त्या दर आठवड्याला म्हणत, "उतरायच्या आधीच सांगितलं तुमी."

अमेरिकेच्या एका कवयित्रीवर त्यांनी लिहिलं होतं : 'बाई बसली तिथंच उतरली. मधे फारशी कुठं गेली नाही. सामान मात्र पुष्कळ होतं. ते ती उतरल्यावर सापडलं.' युरोपात पुरुषांच्या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांवरच्या लेखाला त्यांनी स्वतः मथळा दिला होता, 'दुसऱ्याच्या पासवर प्रवास'. मी विचारलं, तुमच्या गाडीत असं कुणी सापडलं तर? "उतरवते," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळत, "पन ह्यांना पुढच्या स्टॉपपर्यंत आनलं असतं."

रशियाच्या लेखात एक तपशील होता. कागद सापडला तर अटक होईल म्हणून कवयित्री कविता लिहून मैत्रिणीला वाचायला द्यायची, मैत्रीण पाठ करायची, मग कागदाला काडी लावायची. संपादक म्हणाले, हे जरा भडक वाटतं, कापा. बाई समोरच बसल्या होत्या. "भडक न्हाई, सोपं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं बायका अशाच पाठ करत्यात. फक्त कागद नसतो म्हनून काडी लागत न्हाई." हे वाक्य तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

चीनचं प्रकरण इथं सांगितलं पाहिजे, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

चीनच्या बाईवरचा लेख चांगला होता. नवऱ्याबरोबर जमवलेली पुस्तकं गाड्या भरून घेऊन निघाली, वाटेत लढाई, जाळपोळ, चोऱ्या. 'उतरताना हातात फार काही नव्हतं. कविता होत्या. त्यांना लगेज लागत नाही.' नऊशे वर्षांपूर्वीची बाई, तिचा फोटो कुठून असणार? ऑपरेटरने संगणकात या मालिकेच्या फोल्डरमध्ये पाहिलं. तिथं एकच फोटो होता. लेखाच्या लेखिका म्हणून कंडक्टरबाईंनी कधीतरी दिलेला स्वतःचा पासपोर्ट फोटो, खाकी ड्रेसमधला, बिल्ल्यासकट. मंगळवारी महिला पुरवणीच्या चौथ्या पानावर तो छापून आला. खाली ओळ होती : 'चीनच्या थोर कवयित्री'.

गाडी लागल्यावर सात मिनिटांनी त्या आल्या. अंक टेबलावर ठेवला.

"तिकडंबी खाकीच का?"

संपादकांनी तीन दिवस वाट पाहिली. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. फोन आला नाही. तेव्हा त्यांनी निर्णय दिला : दुरुस्ती छापली तर लोकांना कळेल, म्हणून छापायची नाही. आमच्या वर्तमानपत्रात दुरुस्ती छापत नाहीत, हे धोरण तेव्हापासून पक्कं झालं. आगारात मात्र बाईंना काही दिवस 'चीनवाली' म्हणत होते. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "लांबची गाडी मिळाली."

मधे कागद महागला म्हणून पानं कमी झाली. संपादकांनी मालिकेची जागा निम्मी केली. बाईंना मी सांगितलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं होतं.

"इथंबी अर्धंच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग गर्दी होईल," म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात एका लेखात दोन बायका बसवून आणल्या.

जानेवारी संपता संपता एका मंगळवारी त्या आल्या तेव्हा हातात लेख नव्हता. वहीचा एकच कागद होता आणि त्यावर दोन ओळी.

"वाचा."

मी वाचल्या.

'मुकादमाच्या वहीमंदी, नाव धन्याचं लिव्हीलं
माझं उसाच्या पानानं, हातावरी गं कोरीलं'

"कुठली?" मी विचारलं. एवढ्या दिवसांत ती सवय मलाही लागली होती.

"घोडेगावला बसती. मूळची पाथर्डीकडची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. एक म्हातारी दर मंगळवारी घोडेगावला गाडीत बसते आणि नगरला लेकीकडं जाते. कांद्याच्या मोसमात घोडेगावात कांदा निवडते. त्याआधी सगळं आयुष्य ऊसतोडीला गेलं. खिडकीशी बसते आणि घाट लागला की गुणगुणते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, असा तिचा समज आहे. कंडक्टरबाईंनी तिकिटं फाडताना ऐकलं. मशीन आल्यापासून फाडायची राहिली नाहीत, पण त्या तसंच म्हणत. पहिलं वर्षभर त्यांना वाटलं, जुन्याच ओव्या असतील. मग एका ओवीत त्यांच्याच गाडीची खिडकी आली, दुसरीत वाटेतल्या पांढरीपूल स्टॉपवरचा चहा आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी स्वतः जुळवते. विचारलं तर म्हणाली, "कवापास्नंच. फडात काय करनार दुसरं?"

"किती असतील?" मी विचारलं.

"ती म्हनती, मोजल्या न्हाईत. मी आत्तापत्तुर दोन वह्या भरल्या."

नाव तिने दुसऱ्या वर्षी सांगितलं. उतरताना. ठकाबाई.

तुम्ही आमच्या जिल्ह्यातले असाल तर ऊसतोडीचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयता नवऱ्याच्या नावावर. बाई तोडते, पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण वहीत ती नसते. ती त्या एका कोयत्याचा अर्धा भाग असते.

"आधार कार्डावर हाय तिचं नाव," बाई म्हणाल्या. "सरकारनं इचारलं म्हनून. गान्यासाठी कुनी इचारलं न्हाई. मला ही बाई पायजे मालिकेत. शेवटची."

शेवटची, कारण मेअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर मंगळवारची गाडी नाही, म्हणजे लेख नाही.

मी त्यांना संपादकांकडे नेलं. संपादक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मालिका जगातल्या कवयित्रींची आहे," ते म्हणाले.

"घोडेगाव जगात न्हाई का?"

"तसं नाही. पण निकष लागतो. यांचं एखादं छापील पुस्तक आहे का?"

"रशियावालीचं जाळलं होतं. अमेरिकावालीचं उतरल्यावर निघालं. जपानवालीच्या टायमाला छापखानाच नव्हता. तुमी सगळ्या छापल्या."

"त्या गोष्टी परदेशातल्या आहेत."

"मग हिला कुठं पाठवू?"

संपादक म्हणाले की, वाटल्यास एक सर्वसाधारण लेख करू, 'ऊसतोड महिलांचे भावविश्व', नाव वगैरे नको, एक प्रातिनिधिक महिला. आम्ही बातम्यांत असंच लिहितो. एक महिला ठार. एक महिला जखमी. एका महिलेने सांगितले.

कंडक्टरबाईंनी बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"साहेब, दर मंगळवारी ती माझ्या गाडीत असती. तिला वाचता येत न्हाई. पन आधार कार्ड बघून बघून आपलं नाव वळखती. ठ गोल असतो, म्हनून. मेच्या शेवटच्या मंगळवारी मी पेपर तिच्या हातात देनार आन् ती ठ शोधनार. एवढंच हाय माझं काम. भावविश्व तुमी नंतर करा."

संपादकांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"आन् चीनच्या बाईचं तोंड कुनाचं हाय, ते मी आजून बाहेर कुनाला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

संपादकांनी चहा मागवला. लेख मंजूर झाला. तिघांनी चहा घेतला. चीनचा विषय पुन्हा निघाला नाही.

लेख मेच्या तिसऱ्या मंगळवारी माझ्या हातात आला. नेहमीची बांधणी होती. पहिली ओळ : 'बाई पाथर्डी तालुक्यात बसली.' मधे फड, कोयता, पाचटाच्या कोपीतली पहाट, पाच ओव्या. शेवटचा परिच्छेद त्यांनी मला तिथंच उभ्याने वाचून दाखवला. 'बाई अजून उतरलेली नाही. दर मंगळवारी घोडेगावला बसते आणि नगरला माळीवाड्याला उतरते. उतरताना तिनं नाव सांगितलं. ठकाबाई.' सोबत मोबाईलवर काढलेला फोटो होता, खिडकीशी बसलेला, अर्धा चेहरा उन्हात.

"ह्या वेळी नाव मथळ्यात घेऊ नका," बाई म्हणाल्या. "तिला शेवटाकडं बघायला सांगितलंय."

मी म्हणालो, ठीक आहे. मी मथळा दिला, 'उतरताना सांगितलेलं नाव'. सोमवारी सकाळी संपादकांनी तो बदलून 'शब्दांचा कोयता' केला.

सोमवारी दुपारी चारला जाहिरात विभागाची चिठ्ठी आली. एका क्लासच्या निकालाची जाहिरात, चौथ्या पानावर, अर्धं पान. गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली नाव.

ऑपरेटर म्हणाला, मालिकेचा फोटो काढला तरी अकरा ओळी जास्त आहेत.

मजकूर खालून कापायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. बातमीत महत्त्वाचं ते वर आणि उरलंसुरलं खाली. जागा कमी पडली की तळापासून कापत वर यायचं. मी सत्तावीस वर्षं असंच कापतो आहे. त्या दिवशी हातात आणखी दोन पानं होती. मी त्या अकरा ओळी वाचल्या नाहीत. मोजल्या.

मंगळवारी सकाळी सात वाजता घरी अंक उघडला. लेख या वाक्यावर संपत होता : 'मुकादमाच्या वहीत बाई कधीच नव्हती.' त्याखाली रेघ होती. रेघेखाली गुणवंत विद्यार्थी.

मी बाईंना फोन लावला. ड्यूटीवर असताना त्या फोन उचलत नसत. उचलला नाही.

अकराला मी स्थानकावर होतो. गाडीची वेळ अकरा दहाची. अकरा वीसला ती आत आली. प्रवासी उतरले. कॉलेजच्या मुली, दोन पोती, एक लग्नाची पिशवी घेतलेलं जोडपं. मग एक बारीक, ताठ म्हातारी पायरी धरून उतरली. हिरवं लुगडं, दंडावर बारीक पांढरे ओरखडे, काखेत घडी केलेला अंक. तिच्या मागं कंडक्टरबाई.

मी काही बोलायच्या आत बाईंनी ओळख करून दिली.

"मावशी, ह्ये साहेब. ह्यांनी कापलं."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठून कापलं?"

"खालून," मी म्हणालो.

"बुडातून?"

"हो."

"बुडातून आमीबी तोडतो," ती म्हणाली. "जिमिनीला लागून. पर बूड मोळीत बांधतो आन् शेंड्याचं वाढं जनावराला टाकतो. साखर बुडाला असती, दादा. तुमी बूड फेकलं आन् वाढं छापलं."

मी म्हणालो, चूक झाली.

"नवा गडी असंल तर व्हतंय तसं," ती म्हणाली. "किती वर्सं झाली कामाला?"

मी सांगितलं, सत्तावीस.

तिने कंडक्टरबाईंकडे पाहिलं. कंडक्टरबाई दुसरीकडे पाहत होत्या.

म्हातारीने काखेतला अंक काढून उघडला. चौथं पान. रेघेच्या वर, जिथं आमचा मजकूर संपत होता तिथं, निळ्या बॉलपेनने, दुरेघी वहीत काढतात तसल्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ठकाबाई. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मला दाखवलं.

"ह्यो ठ," ती म्हणाली. "घावला मला."

अंक परत काखेत गेला. "येते गं," असं कंडक्टरबाईंना सांगून ती रिक्षांच्या दिशेने चालू लागली.

मी बाईंना विचारलं, गाडी उशिरा का आली?

"कंट्रोलरकडं जाऊन येते," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी त्या ऑफिसात आल्या नाहीत. मी साडेबारापर्यंत वाट पाहिली.

त्याच शनिवारी त्या निवृत्त झाल्या. आगारात सत्कार झाला, असं ऐकलं.

पुढच्या मंगळवारी मी रजा घेतली आणि नगरहून त्याच गाडीने सोनईला गेलो. पेपरच्या टपऱ्या वाटेत चार आहेत. चौघांनीही एकच हकीकत सांगितली. घोडेगावच्या टपरीवाल्याचे शब्द मी लिहून घेतले आहेत.

"गाडी उभी करून बाई खाली आल्या. आमच्या गठ्ठ्यातला एकेक पेपर उघडला, पुरवणी काढली, पेनानं नाव लिव्हलं, परत घडी घातली. म्या म्हनलं, बाई, पेपर खराब व्हतोय. त्या म्हनल्या, खराब झालेलाच आलाय, मी नीट करतीय. गाडीतली लोकं बघाया लागली. डायव्हरनं एक हॉर्न मारला. बाईंनी निस्तं वर बघितलं. परत न्हाई मारला त्यानं."

"कुणी तक्रार केली का?"

"कशाची? एक गिऱ्हाईक म्हनलं, ह्ये ठकाबाई कोन? म्या म्हनलं, वाच की वर, सगळं लिव्हलंय."

पांढरीपुलाच्या टपरीवाल्याकडे एक अंक शिल्लक होता. भजी बांधायला ठेवला होता. मी तो मागून घेतला. तो माझ्याकडे आहे. नगरकडच्या शेवटच्या टपरीतल्या अंकांवर पेन बदललेलं होतं, शाई लाल होती. निळं पेन वाटेत संपलं असावं. याला दुजोरा मिळाला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारच्या पुरवणीत, चौथ्या पानावर, तळाशी, मी तीन ओळी टाकल्या. 'दुरुस्ती : या पानावर प्रसिद्ध झालेल्या मालिकेतील शेवटच्या लेखाच्या कवयित्रीचे नाव ठकाबाई असे आहे. ते आमच्याकडून कापले गेले.' संपादकांना विचारलं नाही. बुधवारी मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मी खुलासा दिला. तो फायलीत आहे. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.

त्या अंकाची एक प्रत मी सोनईला जाणाऱ्या गाडीच्या नव्या कंडक्टरकडे दिली आणि बाईंना पोचवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याने पोचल्याचं सांगितलं. काही म्हणाल्या का, असं मी विचारलं. "मी कुठला, ते इचारलं," तो म्हणाला. "म्या सांगितलं, राहुरीचा."

चौथ्या पानावर आता पाककृती येतात. मंगळवारी अकरा सतराला ऑफिसच्या दाराकडे पाहायची सवय काही आठवडे राहिली. ठकाबाई घोडेगावला बसते, खिडकीशी. नवा कंडक्टर म्हणतो, घाटात ती काहीतरी पुटपुटते, इंजिनामुळे ऐकू येत नाही. दोन वह्या कंडक्टरबाईंकडे आहेत. तिसरी सुरू झाली आहे का, ते मला कळलेलं नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी माळीवाडा स्थानकात जाऊन वाहतूक नियंत्रकाची नोंदवही पाहिली. मेमधला तो मंगळवार. गाडी, ठरलेली वेळ, आलेली वेळ, उशिराचे कारण, असे रकाने. नोंदी नियंत्रक स्वतः करतात. शेवटच्या रकान्यातलं अक्षर त्यांचं नव्हतं. लाल शाईत, दुरेघी वळणात लिहिलं होतं :

'एका बाईचे नाव लिहायचे राहिले होते.'